खोकी परत आली, आत्या!

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (फोनवर वाकलेलं दिसत नाही, म्हणून मुद्दाम पत्र.) गुडघा कसा आहे? तू 'बराय' म्हणशीलच. तेव्हा जिना उतरताना कठडा धरावा लागतो का, तेवढंच खरं कळव. इकडे आम्ही सगळे मजेत. मी तर इतका मजेत आहे की बायकोला संशय यायला लागलाय. सगळं तुझ्यामुळे, आणि तुझे आभार मानल्याशिवाय मला चैन पडेना.

तू कारखान्यात आलीस त्या दिवशी माझी नोकरी जायच्या बेतात होती, हे मी तुला सांगितलं नव्हतं. आमचा कारखाना नळांचा. पाणी वाचवणारे नळ म्हणून आम्ही मिरवतो, आणि तो वीतभर नळ दुकानात पोचवायला त्याच्याभोवती हातभर थर्माकोल नि पुठ्ठा गुंडाळतो, जो दुकानाच्या मागच्या दारानं थेट उकिरड्यावर जातो. आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकानं एकदा विचारलं, मालाबरोबर येणाऱ्या या कचऱ्याचं काय करणार? मालक चष्मा पुसायला लागले. मी (आधी बोलायचं, मग विचार करायचा, हे बाबांकडून आलंय, तुझाच भाऊ तो) ताडकन उठून म्हणालो, पुन्हा पुन्हा वापरायची पक्की खोकी करू! नळ जातील, खोकी परत येतील. टाळ्या पडल्या. खोकी झाली, छान निळी. झाकणावर काय छापायचं ते मालकांनी माझ्यावर सोडलं, आणि तिथंच घोळ झाला.

मी तुझ्या नि आईच्या पदराआड वाढलेला. शेजारणीकडे डबा गेला की तुम्ही म्हणायचात, 'सावकाश द्या हो, घाई नाही.' म्हणजे उद्या सकाळी तो घासूनपुसून ओट्यावर दिसला पाहिजे, हे शेजारणीला बरोबर कळायचं. मी तेच छापलं. दुकानदारांनी ते खरं मानलं! निळी खोकी गेली ती गेलीच. एकानं माळ्यावर चढायला त्यांचा जिना केला. एकानं कोथिंबीर लावली. एकाकडे त्यात मांजर व्याली, आणि पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत फोन करू नका, असं त्यानं मलाच दटावलं. इकडे नळांचे ढीग, आणि भरायला खोकं नाही. मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, महिनाअखेर खोकी आली नाहीत तर पुन्हा थर्माकोल, आणि तुम्ही घरी.

मी आत मान खाली घालून हे ऐकत होतो, तेव्हा तू डॉक्टरांकडून येऊन बाहेर माझ्या खुर्चीत टेकली होतीस. माझा फोन वाजला, तो तू उचललास. (दुसऱ्याचा फोन उचलू नये, हे तुला कोण सांगणार?) पलीकडे तो जिनेवाला. तू भांडली नाहीस की खोकी मागितली नाहीस. एवढंच विचारलंस, परत द्यायची तर कुणाबरोबर देणार होतात? तो म्हणाला, तेच तर कुणी सांगत नाही! अगं, आमचा ट्रक दर आठवड्याला त्याच्या दारात माल उतरवतो आणि रिकामा खडखडत परत येतो. खोकी त्यात घालून आण, हे मी ड्रायव्हरला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, एवढं काय सांगायचं! मग तूच ड्रायव्हरला हाक मारून सांगितलंस, एकेका दुकानदाराला फोन लावलास, आणि मांजरवाल्याला पिल्लांसाठी आमच्याकडचा पडून राहिलेला पुठ्ठा पाठवलास, उबदार असतो म्हणून. काल ट्रक आला तो निळ्या खोक्यांनी गच्च भरून. मी फाटकातच रडलो. ड्रायव्हरला वाटलं, घरात कुणी गेलं.

आत्या, माझी नोकरी वाचली ती तुझ्यामुळे. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तुझा,
भाचा

ता. क. : मालकांनी त्या दिवशी केबिनच्या दारात उभं राहून तुझं ड्रायव्हरशी नि दुकानदारांशी बोलणं ऐकलं. पुढच्या आठवड्यात ते तुझ्याकडे येताहेत, माझी जागा तुला द्यायला. मी म्हणे तुझ्या हाताखाली. काहीही कारण सांग, पण नाही म्हण. पत्र खरं तर त्यासाठीच.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आज ट्रक मी सोडला. तो रिकामा परत आला. (मला वाटलं, आता ड्रायव्हरला माहीत झालंय.) तू येच. मी हाताखाली आनंदानं राहीन. फक्त चारचौघांत मला ढब्बू म्हणू नकोस.