आई जिथे थांबायची

प्रिय छोट्या,

टक्कल पडलं तरी माझ्यासाठी तू छोट्याच. पियानो म्हणजे तुझ्या लेखी घरातली अडगळ, पण आज तुला त्याचंच पुराण ऐकावं लागणार आहे.

पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात मी आईची ती संथ रचना वाजवणार आहे. रचना कुणा जुन्या संगीतकाराची, पण आपल्या घरात ती आईचीच होती. सूर कधीच बसलेत. आता ती माझी कशी करायची, हा घोर आहे. कधी डावा हात एकटाच वाजवून पाहते, कधी चाल गुणगुणते, लय वाढवते, पुन्हा उतरवते. हळूहळू काहीतरी माझं सापडतंही. फक्त मध्ये एका ठिकाणी चाल वर चढते आणि उतरण्याआधी हात आपोआप थांबतात.

शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, इथे थांबा असं लिहिलेलं नाही, मग का थांबतेस? म्हटलं, आई थांबायची. लोक त्या थांबण्यावर किती खूश असायचे. मग आई का थांबायची, असं बाईंनी सहज विचारलं. मला आईची मान दिसली, दाराकडे वळलेली. जिन्यात बाबांची पावलं वाजतात का, ते ती ऐकायची. वाजली की पियानोचं झाकण बंद आणि आपण दोघं आतल्या खोलीत. तुझे कान मी दाबून धरायचे, म्हणून तुला फारसं आठवत नसेल. माझे कान उघडेच असायचे.

तेव्हापासून ती थांबायची खोड मोडायला बसले. न थांबता पुढे गेलं की पाठीशी कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. तरी मान वळवायची नाही, असं ठरवून वाजवत राहिले. परवा पहिल्यांदा चाल सलग उतरली. आईनं स्वतःच्या हातून ती अशी कधी ऐकलीच नव्हती, या विचारानं मी खूप रडले.

आणि काल तुझा फोन आला. बाबा आता अगदी मवाळ झालेत, माझं वाजवणं ऐकायला यायचं म्हणतात, तू त्यांचं तिकीटही काढलंस. फोन ठेवून वाजवायला बसले, तर त्याच ठिकाणी हात थांबले आणि मान दाराकडे वळली.

त्यांचं सगळं तू मायेनं करतोस, याची मला जाणीव आहे. पण त्या दिवशी त्यांना आणू नकोस. जागा नाही म्हण, ताई विक्षिप्त आहे म्हण, काहीही सांग. तू मात्र ये. कुणाची चाहूल न घेता मला ती रचना एकदा पूर्ण वाजवायचीय.

तुझीच,
ताई