गाडीत राहिलेली गिटार

१२ मे, संध्याकाळी ६
मोताळ्याहून आत्ताच आलो. डोकं सणकलंय. साडू वामनराव यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणानंतर दोन गाणी वाजवून दाखवावीत म्हणून आमच्या प्रेरणाची गिटार नेली होती. (मला तीन कॉर्ड येतात. दोन पक्के.) वामनरावांनी पंगत बसवायलाच तीन वाजवले. तोवर गिटार बंद गाडीत, मागच्या काचेखाली. सावलीतली जागा त्यांच्या ट्रॅक्टरने अडवलेली. काढून बघतो तर तारा अडकवायची खालची लाकडी पट्टी, म्हणजे ब्रिज, अर्धी उचकटलेली आणि गिटारचं पोट फुगलेलं. दोष कुणाचा? वामनरावांचा. लेखी नोंद असावी.

१३ मे
पुष्पांजलीला बायको असून माझी बाजू घेता येत नाही. म्हणे, "गाडीत काऊन ठेवली? पोरीनं दोन वर्षं लहान पोरायच्या ट्यूशन घेऊन इकत घेतली. नागपूरले जाताना कपाटातून काढू नका म्हणून सांगून गेली. अन् तुमीच म्हणत होते ना, गिटारनं मार्क येत नाहीत?"
जुनं उकरायची गरज नव्हती.
निश्चय: प्रेरणा २८ तारखेला येते. त्याआधी मी स्वतः दुरुस्त करणार. तिला कळणारसुद्धा नाही. मी बावीस वर्षं शाळेत उष्णता आणि प्रसरण हा धडा शिकवतो. चिखलीत माझ्याइतका लायक माणूस नाही.

१५ मे
कादर मिस्त्रीला फक्त मत विचारायला गेलो. तो फर्निचर करतो, त्याला वाद्यातलं काय कळणार! पण बोलण्याची घमेंड बघा: "सर, तुमी हात नोका लावू. आधी तारा ढिल्या करा. जुना गोंद खरवडा लागते, मंग शिकंजा लावून, दाबून दोन दिवस ठेवा लागते. माह्याजवळ सोडून द्या."
माझ्या माजी विद्यार्थ्याचा बाप मला शिकवतो! गिटार घेऊन परत आलो.

१७ मे, दुपारी २
व्हिडिओ पाहिला. फुगलेलं लाकूड उष्णतेने सरळ होतं म्हणे. पूर्ण पाहिला नाही. तत्त्व समजलं की पुरे. पोटावर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली. पॉलिशला फोड आले. इस्त्रीवर कॉटन, सिल्क, लोकर सगळं लिहिलंय, लाकूड लिहिलेलं नाही. ग्राहकाची काळजी कुणालाच नाही. संताप होतो.

२० मे
ब्रिजखाली गोंद भरला. भरपूर. दाबायला वरवंटा ठेवला. तो गोल असतो. पायाच्या अंगठ्यावर आला. पुष्पांजली हसली. हसण्यासारखं काय होतं? मग दहावीच्या गाइडांचा गठ्ठा ठेवला.

२१ मे
खालचं गाइड ब्रिजला चिकटलं. ओढून काढलं. मुखपृष्ठ तिथेच राहिलं. चाकूने खरवडलं, 'विज्ञान' एवढं अजून वाचता येतं.

२२ मे
प्रेरणाचा फोन. २ जूनला कॉलेजात तिच्या गिटारचा पहिला कार्यक्रम, पाचशे लोकांसमोर. विचारलं, "बाबा, गिटार बरी हाय ना?"
म्हणालो, अगदी आरामात आहे. खोटं नाही. गादीवर ठेवली होती.

२४ मे, सकाळी ११
सहाही तारा ताणल्या. पाचवीपर्यंत उत्तम. सहावी ताणताच बंदुकीसारखा आवाज. ब्रिज तारांसकट सुटून माझ्या नाकावर. खाली लाकडाला वीतभर चीर. ऊन, साडू, इस्त्री, गाइड, सगळे माझ्याविरुद्ध. आज कुणाशी बोलणार नाही.

२५ मे
कुणी बोलायलाच आलं नाही.

२८ मे
प्रेरणा आली. मी तिच्याआधीच रागावलो. ट्रॅक्टरपासून सगळं सांगितलं. तिने गिटार मांडीवर घेतली, चिरेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "कपाटातून काढली त्याचं नाही हो वाईट वाटलं, बाबा. फोनवर बरी हाय म्हणले, त्याचं वाटलं."
 
ती गिटार घेऊन एकटीच कादरकडे गेली.

३१ मे
तीन दिवस ती त्याच्याच दुकानात. चीर भरली, ब्रिज बसवला, शिकंजा लावला. कादरने तिला सांगितलं, सरांनी पंधरा तारखेलाच सोडली असती तर चीर गेली नसती. माणसाने तोंड आवरावं.

१ जून, संध्याकाळी ७
उद्या पहाटेच्या बसने प्रेरणा परत जाणार. स्वयंपाकघरात आईला वाजवून दाखवत होती. पाणी प्यायला म्हणून आत गेलो, तर थांबली. बाहेर आलो. पुन्हा सुरू झालं. दोनदा करून पाहिलं.
आता पुढच्या खोलीत बसलोय. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं, म्हणून बंद केला. घाम फार येतोय.