न पडलेल्या बास्केटचा रकाना

आत्या,

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी तुझ्यावर जो लेख लिहिला, त्यात एक वाक्य खोटं आहे. तुझ्या बास्केटबॉल संघातल्या नऊ नंबरच्या मुलीबद्दल मी लिहिलं की घरच्यांच्या विरोधामुळे तिला खेळ सोडावा लागला. तिच्या घरच्यांनी कधीच विरोध केला नव्हता. तिचे वडील रोज तिला लोधीखेड्याहून सौंसरच्या बसमध्ये बसवून द्यायचे आणि कंडक्टरला बजावायचे, 'पोट्टीले शाळेपाशीच उतरव, भाऊ.' तिला तू संघातून काढलंस, आणि माझ्या वहीवरून काढलंस. समारंभात तुझ्या फोटोला हार घालायचा होता आणि लेख वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच होतं, म्हणून मी ते वाक्य घातलं. टाळ्या पडल्या. तुला जाऊन दहा वर्षं झाली, तरी एखादं वाक्य चुकलं की मला पहिल्यांदा तूच आठवतेस.

मी सात वर्षांची होईपर्यंत शाळेत गेलेच नाही. फाटकापाशी पोचलं की मला उलटी व्हायची. बाबांनी मला पांढुर्ण्याहून तुझ्याकडे सौंसरला आणून ठेवलं आणि तू मला तुझ्या स्वयंपाकघरात शिकवलंस. तू मुलींच्या शाळेतली खेळाची शिक्षिका. सकाळचा सराव घेऊन आलीस की ट्रॅकसूटवरच पोळ्या लाटायला बसायचीस आणि मी समोर पाटी घेऊन. तुझा पहिला धडा अक्षरांचा नव्हता. ओट्यावर दुधाचं पातेलं उघडं, खिडकीत शेजारच्यांची मांजर. 'दुधाकडे सारेच पाहतात,' तू म्हणतेस, 'तू मांजरीकडे पाहा. कुठून कुठं गेली ते मले सांग.' मी सांगते: खिडकी, माठ, पिठाचा डबा, ओटा. एकदा मी न पाहताच 'माठ' म्हटलं, तर तू लाटणं माझ्या बोटांवर मारलंस. 'पाह्यलं नाही तं सांगाचं नाही. अंदाजानं बोलणारी पोट्टी मले घरात नको.' बोटं दोन दिवस सुजली होती आणि ते दोन दिवस तू मला डाव्या हातानं पाटी गिरवायला लावलीस. आजही 'मला वाटतं' आणि 'मी पाहिलं' यांत माझी गल्लत होत नाही. लोक त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. मला तो बोटांत जाणवतो.

नववीत तू माझ्या हातात वही दिलीस. मी संघात होते, पण राखीव, बाकावरची. पाचजणींना समोरच्या पाचजणी वाटून दिलेल्या असायच्या, आपापलीला अडवायचं. वहीचा नियम तुझाच: समोरच्यांचं बास्केट पडलं की त्या क्षणी, बास्केट टाकणारीच्या सर्वांत जवळ आपली जी मुलगी असेल, तिच्या नंबरापुढे एक काडी. कोर्टाच्या भिंतीपलीकडे जिनिंग होतं. हिवाळ्यात कापसाचे तंतू उडत यायचे आणि रिंगच्या जाळीला, मुलींच्या घामेजल्या मानांना चिकटायचे. मी बाकावर बसून काड्या मारायची. 'काय वं वहीवाले, आज कोणाले फाशी हाय?' मुली जाता जाता विचारायच्या. नऊ नंबर हसायची, 'कोणाले काय, मलेच देते ते रोज.' ती बुटकी, रुंद खांद्यांची. चेंडू हातात आला की गरम तवा धरल्यासारखी लगेच दुसरीला देऊन टाकायची. पण तिच्या वाट्याची मुलगी कधी सुटायची नाही, आणि दुसऱ्या कोणाची सुटली की ही आपली सोडून तिकडे धावायची. वेळेवर पोचली की समोरची थबकायची, चेंडू मागे फिरायचा, बास्केट पडायचं नाही. वहीत लिहायला काहीच नसायचं. अर्ध्या पावलाचा उशीर झाला की बास्केट पडायचं, आणि सर्वांत जवळ हीच असायची. काडी हिला. जिनं आपली मुलगी सोडली ती मागे कंबरेवर हात ठेवून उभी, तिचा रकाना कोरा. न पडलेल्या बास्केटला वहीत रकानाच नव्हता. ती जितकी जास्त धावायची तितक्या तिच्या काड्या वाढायच्या.

जबलपूरला संभागाच्या, म्हणजे विभागीय, स्पर्धेला न्यायच्या मुली निवडायच्या होत्या तो शनिवार. सराव संपल्यावर तू सगळ्यांना रिंगखाली बसवतेस, माझ्या हातून वही घेतेस आणि नऊ नंबरच्या हातात देतेस. 'वाच. मोठ्यानं.' ती वाचते. चार नंबर, तीन. पाच नंबर, पाच. सात नंबर, चार. स्वतःच्या नंबरापाशी ती थांबते. 'काय झालं? मोजता येत नाही?' ती बोट ठेवून मोजते. 'एकोणीस.' 'तिकडच्यांले ऐकू नाही आलं.' 'एकोणीस, मॅडम.' तू सगळ्यांकडे फिरून पाहतेस. 'एकोणीस! एवढी मदत तं त्याहिच्या घरची पोट्टी बी नाही करत त्याहिले. आता तूच सांग, तुले जबलपूरले नेऊ कायले? त्याहिच्याच बसमध्ये बसवून देऊ?' सगळ्या हसल्या. मीही हसले. हे लिहिताना थांबावंसं वाटतंय, पण मी पाहिलंय, मी हसले. ती हसणं संपेपर्यंत उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, 'पाणी द्यायले येऊ का, मॅडम?' तू म्हणालीस, 'तिथं नळ आहे.'

सोमवारी तिचा नऊ नंबरचा टी-शर्ट तू मला आणून दिलास, धुऊन, इस्त्री करून. 'घाल. खांद्यात ढिला आहे, पण चालते.' तू मला दिलेली ती एकच नवी वस्तू, आणि तीही नवी नव्हती. त्या वर्षी आपली शाळा पहिल्यांदा संभागाच्या अंतिम सामन्यात पोचली. मी त्या टी-शर्टात खेळले. पुढे कॉलेजात खेळाच्या कोट्यातून मला जागा मिळाली, त्या अर्जाला त्याच टी-शर्टातला फोटो जोडला होता.

बारावीत असताना सौंसरहून पांढुर्ण्याला येणाऱ्या बसमध्ये मी तुला म्हटलं, 'आत्या, माझ्या आत्ता लक्षात आलं. वहीचा नियमच चुकीचा होता.' तू संत्रं सोलत होतीस. 'माहीत आहे ना मले. नियम मीच केला, मले नाही समजणार?' मग तिला काढलं कशाला, मी विचारलं. 'ती होती म्हणून बाकीच्या चौघी झोपून राहिल्या होत्या. सुटली तं सुटली, नऊ आहे ना मागं! तिले काढल्याबरोबर कशा पळाल्या, पाह्यलं ना?' मी म्हटलं, मग तिला हेच सांगायचं होतं. तू माझ्या हातावर एक फोड ठेवलीस. 'हे सांगितलं असतं तं गेली असती का ते? रडली असती, भांडली असती, बापाले घेऊन आली असती. तू लई चांगली आहे म्हणून तुले काढतो, हे कोणाले पटते? खराब आहे म्हटलं की माणूस गुपचूप जाते.' मी फोड तोंडात टाकली. तू माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसलीस, 'आंबट लागलं वाटते.' पुढच्या वर्षी तू गेलीस, आणि हे बोलणं मी कोणाला सांगितलं नाही.

आता मी पांढुर्ण्यात घरीच बसून एका व्यावसायिक संघासाठी काम करते. संघ पुरुषांचा, सराव आणि कार्यालय नागपूरला. ते सामन्यांचे व्हिडिओ पाठवतात. मी समोरच्यांचं प्रत्येक बास्केट पडद्यावर थांबवते आणि ते आपल्यापैकी कोणाच्या अंगावर पडलं तो नंबर भरते. संगणकातला नियम काय असेल, सांग. सर्वांत जवळचा. मला पगार मिळतो आणि मला मॅडम म्हणतात. या संघात चौदा नंबर म्हणून एक जण आहे, बत्तीस वर्षांचा. सामन्यात त्याचे दोन-चार गुण होतात, कधी तेही नाही. तिकीट काढून येणारे त्याला ओळखत नाहीत. त्याचं काम एवढंच, की समोरच्यांच्या सगळ्यांत भारी खेळाडूला रडकुंडीला आणायचं आणि आपल्यांच्या हातून सुटलेल्यांना धावून अडवायचं. गेल्या महिन्यात मी हंगामाचा तक्ता पाठवला. बचावात सगळ्यांत खाली चौदा नंबर. शेरा माझाच: पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी सौंसरच्या बसस्टँडवर कोणीतरी माझा दंड धरला. 'अवं, वहीवाली ना तू?' खांदे तेच होते. तिच्याबरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती, हातात संत्र्याच्या गोळ्यांची पुडी. 'हे मावशी लई भारी खेळे,' तिनं मुलीला सांगितलं. 'आन् तू, आई?' 'मी? मी तं फुकटात बास्केट वाटत जाओ लोकाहिले. एकोणीस!' आणि ती खरोखरच मजेत हसली. 'मॅडमनं माह्याच तोंडून वाचून घेतलं होतं. बरं झालं म्हणा, लवकर समजलं. नाहीतर उगाच नाचत राह्यली असती.' मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, 'इले शाळेत खो-खोत घेऊन राहिले होते. मीच नाही म्हटलं. आमच्या अंगातच नाही ते.' मला बोलायला भरपूर वेळ होता. माझी बस लागली होती, पण सुटायला दहा मिनिटं होती. मी बसमध्ये चढले आणि खिडकीतून हात हलवला. मुलीनं पण हलवला.

घरी आल्यावर मी चौदा नंबरचे सगळे सामने पुन्हा काढले आणि एक नवा रकाना आखला. तो पोचला म्हणून समोरच्यानं चेंडू मागे दिला, तो पोचला म्हणून उडी मारताना हात आखडला, तो पोचला म्हणून बास्केट पडलंच नाही. नऊ दिवस लागले. मग मी प्रशिक्षकांना फोन केला. 'सर, माझा तक्ता चुकला आहे. चौदा नंबर बचावात सगळ्यांत खाली नाही, सगळ्यांत वर आहे.' ते म्हणाले, 'मॅडम, मला डोळे आहेत. तो काय करतो ते मला माहीत आहे.' मी विचारलं, मग? 'मग काय? माणसाला समोर बसवून काहीतरी दाखवावं लागतं ना? गुरुवारी अकराला बोलावलंय त्याला. तुमचा पहिला तक्ता त्यालाच वाचायला देतो, म्हणजे वाद नको. दुसरा पाठवू नका, उगाच घोळ होतो.' आवाज पुरुषाचा होता आणि भाषा शहरी, पण आत्या, मी फोन कानापासून लांब धरला.

आता जे तुलाच सांगता येईल ते सांगते. हंगामातले तीन सामने चौदा नंबर पाय मुरगळल्यामुळे बाहेर होता. ते तीन मी दोन-दोनदा पाहिले. तो नसला की बाकीचे जागे होतात, पाय हलवतात, आपला माणूस सोडत नाहीत. तो आला की पुन्हा कंबरेवर हात. त्याला काढलं तर हा संघ सुधारेल. हे मला वाटत नाही, मी पाहिलं. म्हणजे माझे डोळे तुझेच आहेत, आणि त्या शनिवारी रिंगखाली तुझ्या जागी मी असते तर मीही तिलाच काढलं असतं. तेव्हा मी त्याची जागा वाचवायला नागपूरला जाते असं समजू नकोस. त्यानं तो कागद हातात घेऊन वाचायला सुरुवात करण्याआधी मला त्याला सांगायचं आहे की हा तक्ता खोटा आहे, तो मी केला आहे, आणि त्याला काढण्याचं कारण अगदी उलटं आहे. तो भांडेल. कदाचित जायलाच नकार देईल, तू म्हणालीस तसं. माझं काम तर जाईलच.

तुला बसमध्ये सांगितलं त्यातही एक दुरुस्ती आहे. वहीचा नियम चुकतोय हे बारावीत लक्षात आलं, असं मी म्हटलं होतं. ते मला नववीत, दुसऱ्याच सामन्यात दिसलं होतं. ती गेली की तिची जागा मला, हेही त्याच सामन्यात दिसलं होतं. मी काड्या मारत राहिले.

आणि लोधीखेड्याला, नऊ नंबरकडे, जायचा दिवस मी अजून ठरवलेला नाही. चौदा नंबर माझ्यावर ओरडला तर मी ऐकून घेईन. ती ओरडणार नाही. हसेल, मुलीला पाणी आणायला सांगेल, चहा टाकेल, आणि मला त्याची भीती वाटते. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा एवढं कबूल करायला हरकत नाही.

आज मंगळवार. परवा, गुरुवारी, पहाटेच्या गाडीनं मी नागपूरला जाते. अकराच्या आधी मी त्या खोलीत बसलेली असेन.