रबरी मनगट

सोमवार, संध्याकाळ. धायरी.

नववीचा आरोग्यसेवेचा तास संपला, तरी डोक्यातून जात नाहीये. मुली एकमेकींची नाडी मोजून प्रयोगवहीत लिहितात. बऱ्याच जणी सरळ शेजारणीचं उतरवतात. सानियाला जोडीदार नाही. ती सरावाच्या रबरी पुतळ्याचं मनगट धरून बसायची. आज तिची वही नीट वाचली. पहिल्या आठवड्यात बहात्तर, मग साठ, आज अठ्ठेचाळीस. आणि मी न बघता सह्या ठोकल्यात!

"अगं, पुतळ्याला कसली नाडी?" मी खेकसलेच.

"मोजली ना, मॅडम. कमी कमी होत चाललीय."

ही पोरगी कधी थाप मारत नाही. सगळ्या गेल्यावर मीच ते मनगट धरलं. मिनिटभर. काहीच लागलं नाही.

हायसं वाटायला हवं होतं. मग उशीर झाल्यासारखं का वाटतंय?