चुकीच्या नावावर चढलेल्या प्रतिक्रियांबाबत

मी, शत्रुघ्न हरिश्चंद्र घरत, वय एकसष्ट, धंदा मोटार रिवायंडिंग व पंपदुरुस्ती, राहणार उमेळे, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि ताळ्यावर असलेल्या डोक्याने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मोटार उघडण्याआधी मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. हृदय सोडून बाकी सर्व चालू आहे. कान तर असे की रस्त्याने जाता जाता कुंपणापलीकडची मोटार अजून किती दिवस काढेल ते सांगतो. आठवी नापास माणसाने या कानांवरच घर बांधलं.

कलम १. ते राहतं घर, आवारातली चिकूची दोन झाडं आणि विहिरीतला माझा अर्धा हिस्सा पत्नी जयवंती हिला. बँकेत व पोस्टात जे असेल तेही तिलाच. 'आई, फ्लॅटमध्ये चल' अशी गळ तिला कोणी घालू नये. तिच्या पश्चात सर्व मुलगा भूपेश याला.

कलम २. दुकानातलं रिवायंडिंगचं यंत्र, चेनपुली, पुलर आणि पान्यांचा पूर्ण संच अँथनीला. बावीस वर्षं त्याने माझ्याबरोबर विहिरी उतरल्या आणि कधीही जुन्या वायरींवर खूण केल्याशिवाय मोटार सोडवली नाही. त्याने भूपेशला यातला एकही पाना उसना देऊ नये. कारण पुढे येत आहे.

कलम ३. माझा 'विहिरीवरून' हा ब्लॉग. ही मिळकत धरायची का, असं वकिलांना विचारलं तर ते हसले. हसू देत. दोन हजार पाचपासून मी त्यावर इथल्या विहिरी, मोटारी आणि माणसं लिहिली आहेत. एकशे त्रेसष्ट लेख. ज्या कंपनीच्या जागेवर ब्लॉग होता तिने यंदा जूनमध्ये कळवलं की दुकान बंद होत आहे, सामान उचला. भूपेश अंधेरीला कॉम्प्युटरच्याच ऑफिसात आहे. तो म्हणाला, "पप्पा, एक क्लिक. तुमची अंघोळ होईपर्यंत सगळं शिफ्ट."

त्या एका क्लिकला सहा रविवार लागले. पहिल्या रविवारी सगळी अक्षरं चौकोन झाली. दुसऱ्या रविवारी अक्षरं परतली, फोटो गेले. मग फोटो आले ते दुसऱ्याच लेखांत. नंदाखालच्या केळीच्या बागेच्या लेखात कामणच्या गोदामातला जळका स्टार्टर. शेवटी, चार वर्षांचं सगळं लिखाण एकाच दिवशी, ९ ऑगस्टला, लिहिल्याचं दिसू लागलं. एका दिवसात एकशे त्रेसष्ट लेख लिहिणाऱ्याच्या हृदयाचं दुसरं काय होणार? भूपेशला म्हटलं, सोडवण्याआधी कुठली वायर कुठे होती ते लिहून ठेवलंस का? तो म्हणाला, "तसं नसतं ओ त्यात." तसंच असतं. सगळ्यात तसंच असतं.

तरी हा ब्लॉग भूपेशकडेच जाईल, कारण जयवंतीला तो नको आहे. तिच्या मते माझ्या दुखण्याचं मूळ तोच आहे.

कलम ४. लेखांखालच्या प्रतिक्रिया. इथे नीट वाचावं.

माझा धाकटा भाऊ सुधाकर भिंतीपलीकडे राहतो. अठ्ठ्याण्णवपासून आमचं बोलणं नाही. पण ब्लॉग सुरू झाला आणि महिन्याभरात खाली त्याची प्रतिक्रिया आली: 'विहीर बावन्न साली नव्हे, पंचावन्न साली खोदली.' मग आली: 'फोटोतला बैल आमचा. शेजाऱ्यांचा आधीच मेला होता.' तो तोंडी सांगतो, त्याची मुलगी स्वप्नाली टाइप करते. चार वर्षांत त्याने मला दोनशे चौदा वेळा खोडून काढलं. बोलणं चालू असतं तर आम्ही इतकं बोललो नसतो.

नव्या जागी गेल्यावर ज्या प्रतिक्रियांना धनी सापडला नाही, त्या कॉम्प्युटरने सातबाऱ्यावर चढवाव्यात तशा मालकाच्या, म्हणजे माझ्या, नावावर चढवल्या. सुधाकरने खातं उघडलेलं नव्हतं, नुसतं नाव टाकायचा. त्यामुळे दोनशे चौदाच्या दोनशे चौदा वेळा आता मीच मला खोटं पाडताना दिसतो. त्यात 'मे महिन्यातल्या मोटारी' या लेखाखालची ही एक:

'बेअरिंग तीन दिवस ओरडत होतं. ऐकू येत होतं. सांगितलं नाही.'

वर नाव: शत्रुघ्न घरत.

पंधरा ऑगस्टला सुधाकर या पानाची प्रिंट घेऊन आला. अकरा वर्षांनी. पायरीवरच उभा राहिला. म्हणाला, "दादा, माझं बोलनं तू तुझ्या नावावर घेतलंस. खरं म्हनून घेतलंस ना?"

मी म्हणालो, ती भूपेशची चूक आहे, दुरुस्त करायला सांगतो.

"हां," तो म्हणाला. "पोराचीच चूक." आणि गेला.

त्यानंतर एकही प्रतिक्रिया नाही. मी मुद्दाम लेखात आजीचं माहेर कामणऐवजी भिवंडी लिहिलं. तरी नाही. विहिरीचं साल एकोणसाठ लिहिलं. नाही. माझ्या कानांना इतकी शांतता मानवत नाही.

कलम ५. म्हणून लिहून ठेवतो. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात सुधाकरची मोटार मी ओटीवर बसून तीन दिवस ऐकली. बेअरिंग सुकलं की मोटार आधी कण्हते, मग किरकिरते, मग गप्प होते. वाटणीवरून आमचं बिनसलं होतं आणि त्याआधीच्या हिवाळ्यात त्याने मला सोडून स्टेशनवरचा मेकॅनिक आणला होता. मला वाटलं, येईल बोलवायला. चौथ्या दिवशी मोटार जाम झाली. मेमध्ये रिवायंडिंगला कुठेही नंबर लागत नाही, आणि माझ्याकडे तो आला नाही. चारशे केळी उभ्या सुकल्या. दुसऱ्या वर्षी त्याने ती जागा बिल्डरला दिली. तिथल्या चार मजली इमारतीचा पंप मी बसवला. तो पंप उत्तम चालतो, हे सांगायला मला लाज वाटते.

कलम ६. भूपेशला आज्ञा: दोनशे तेरा प्रतिक्रिया सुधाकर हरिश्चंद्र घरत या नावावर परत कराव्यात, एकेक करून, हाताने. क्लिकने नव्हे. बेअरिंगची प्रतिक्रिया माझ्याच नावावर राहू द्यावी. कॉम्प्युटरने ती चुकून चढवली. मी ती समजून ठेवत आहे. पासवर्ड पाकिटात, जयवंतीच्या कपाटात.

कलम ७. सुधाकरला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. प्रतिक्रिया त्याच्याच होत्या, ते देणं नव्हे. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याची साक्ष उद्या कोणी कच्ची ठरवू शकतो, असं वकील म्हणाले, आणि मला त्याच्यासमोर सही करायची आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा नियम नाही. त्याने वाचावा. मी समोर बसून राहीन.

सही: शत्रुघ्न हरिश्चंद्र घरत
ठिकाण: उमेळे. शुक्रवार, ९ ऑक्टोबर २००९

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:

१. लुईस गॅब्रिएल डिमेलो, शेजारी.

२. सुधाकर हरिश्चंद्र घरत, भाऊ. पूर्ण वाचून सही केली. चहा घेतला.