न सांगितलेले नमस्कार

चिंचवड, ता. ९ जानेवारी १९५५

चि. सौ. मंजुळेस अर्जुनदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीनंतर तुला एकही पत्र गेले नाही, याबद्दल आधी माफ कर. सवड नव्हती असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. मनाशी ठरत नव्हते, म्हणून लिहिले नाही. आता ठरले आहे. तुमच्या ओख्याकडच्या मिठाच्या कारखान्यात रंगरावांनी माझ्यासाठी स्टोअरकीपरची जी जागा पाहिली आहे, ती मी घेतो.

पिंपरीच्या माळावरची आपली जमीन कारखान्याला गेली. मोबदला मिळाला, तक्रार नाही. पण शाळेला जाताना रोज तिच्यावरूनच जावे लागते. जिथे आपण हुरडा खाल्ला, तिथे कामगारांच्या चाळी उठल्या आहेत आणि दोरीवर कुणाच्या तरी विजारी वाळत असतात. मी पळून जातो आहे का, असे स्वतःला पुष्कळदा विचारले. थोडासा पळतो आहेच. पण या वयात माणसाला एकदा तरी आपल्या मनाने जागा निवडता यावी. तुमच्या ओट्यावरून समुद्र दिसतो आणि थंडीत मिठागरात गुलाबी पक्षी उतरतात, असे तू लिहिलेस. ते वाक्य मी डायरीत उतरवून घेतले.

एप्रिलअखेर शाळा सुटली की निघू. आपल्या शालनला पाचवा महिना आहे, मेमध्ये दिवस भरतील. पण तिची पुनावळ्याची सासरची माणसे चांगली आहेत, तिथेच होईल. तुझ्या वहिनीला समुद्राची फार हौस आहे. तिने तुम्हा उभयतांस नमस्कार सांगितला आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा अर्जुनदादा

ओखा, ता. २४ जानेवारी १९५५

ती. दादास मंजुळेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ओट्यावरच रडले. शेजारणीला वाटलं कुणी गेलं. इथे येऊन चार वर्षं झाली, मराठीत भांडायला फक्त हे आहेत. आता वहिनींशी भांडेन.

पण दादा, तुला समुद्र झेपेल ना? लहानपणी विहिरीत ढकलल्यावर बोंबलला होतास. गोडं पाणी इथे गाडीने येतं, अंगणात तुळससुद्धा मोजून पाणी पिते. आणखी एक महत्त्वाचं. क्वार्टर आणि जागा दोन्ही कुटुंबवाल्यालाच मिळतात. आधीचा स्टोअरकीपर एकटा होता, तो दारूत बुडाला, तेव्हापासून साहेबांचा नियम आहे. तुम्ही दोघं येताय असा ह्यांनी शब्द दिला आहे.

एक कळलं नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून वहिनी यायला तयार कशा झाल्या? आणि त्यांच्या म्हशी? पण त्यांनाच हौस आहे म्हणतोस, तर मी कशाला खुसपट काढू. त्यांना माझा नमस्कार, शालनला आशीर्वाद.

माया आहे तशीच असू दे.
तुझी मंजुळा

चिंचवड, ता. १५ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. मंजुळेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शंका नको. अंबूची संमती आहे. म्हशींना गिऱ्हाईक पाहतो आहे. एप्रिलअखेरचा राजीनामा दिला, शाळेने तो फार तत्परतेने मंजूर केला.

परवाच्या रविवारी पुनावळ्यास जाऊन व्याही आबाजींना सांगितले की आम्ही ओख्यास जातो, शालनचे बाळंतपण तुमच्याकडेच करा. ते सुपारी कातरायचे थांबले. मग म्हणाले, बरं मास्तर, तुमचा शब्द. बायकांत इतक्यात बोलू नका, असेही मी सांगून आलो. अंबूला अजून तारीख कळवलेली नाही. वेळेवर सांगितले म्हणजे तिची उगाच झोप जाणार नाही. हे योग्य की सोयीचे, यावर काल बराच विचार केला. दोन्ही असू शकते.

तिचा नमस्कार. तुम्हा उभयतांचा लोभ असाच राहो.
अर्जुनदादा

चिंचवड, ता. २४ फेब्रुवारी १९५५

वन्संना अंबुबाईचा नमस्कार.

ह्यो माझा पैलाच नमस्कार हाय. आदीचे जे तुमाला पोचले ते म्या धाडले न्हवते. शालन शाळंत जायची तवा तिनं मलाबी अक्षरं शिकिवली. वाकडं आलं तर हसू नका.

परवा बाजारात पुनावळ्याचे आबाजी भेटले. चार मान्सांत मोठ्यानं म्हनाले, काय विहीणबाई, मास्तरांनी घर समुद्रात बुडिवलं म्हनं? लेकीला म्हायेर उरलं न्हाई तर आमी हाओत की. मान्सं हासली. म्या दुधाची किटली धरून उबी. मला काय बी ठावं न्हाई. मीबी हासले मग. काय करनार.

घरी यून तुमचं पत्र काडून वाचलं, माझ्या हौसंचं त्यात कळलं. मग ह्यांना इचारलं. म्हनाले, म्या दोन्ही बाजूंनी इचार केला. म्या म्हनलं, दोन्ही बाजू तुमच्याच व्हत्या.

वन्सं, समुद्र चांगला आसंल, माजं त्याच्याशी वाकडं न्हाई. पर जमीन गेली तवा हे डोकं धरून बसले, आन म्या त्याच जमिनीवरच्या चाळीत दूध घालाया लागले. तितल्या बाया माझी वाट बगत्यात. कुनी माझी वाट बगावी आसं या घरात कदी झालं न्हवतं. म्हशी म्या इकनार न्हाई. म्या येनार बी न्हाई. शालनीला आठवा लागायच्या आत हितं आनायची. आठव्यात आमच्यात गरवार बाई शीव वलांडत न्हाई, तुमाला ठावं हाय.

तुमच्यावर राग न्हाई. लोभ हाय तसा ठिवा.
अंबुबाई

ओखा, ता. ६ मार्च १९५५

ती. दादास नमस्कार. वि. वि.

वहिनींचं पत्र आलं. आई गेली तेव्हा मला वेळेवर कळवलं नाही म्हणून मी त्यांच्यावर वर्षभर रुसले होते. तू लिहिलंस, तिला फार वाईट वाटतं, तिने नमस्कार सांगितला आहे. मी विरघळले. आज कळत नाही, मी कुणावरचा राग सोडला होता.

ह्यांना साहेबांपुढे उभं राहून सांगावं लागलं की कुटुंब येत नाही. जागा दुसऱ्याला गेली. हे घरी येऊन एवढंच म्हणाले, तुझे भाऊ शिकलेले आहेत ना.

माझंही चुकलं. मला आपलं माणूस हवं होतं, म्हणून मी जास्त खोदून विचारलं नाही. आता समुद्राचंही खरं सांगते. ओट्यावरून दिसतो, पण मी त्याच्याकडे पाठ करूनच बसते.

रागावले आहे, तरी तुझीच,
मंजुळा

चिंचवड, ता. १३ मार्च १९५५

चि. सौ. मंजुळेस आशीर्वाद. वि. वि.

रंगरावांची माफी मागतो. तुझी मागायला शब्द शोधतो आहे.

अंबूला विचारले असते तर ती नाही म्हणेल, हे मला माहीत होते. म्हणूनच विचारले नाही. तरी मनात येते की अन्याय माझ्यावरच झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण येते ते येते. नोकरी गेली, समुद्र गेला, आणि घरात मी पाहुण्यासारखा जेवतो. अंबू वाढते, बोलायचे तेवढे बोलते. तुला पत्र लिहितो आहे, तुझा नमस्कार लिहू का, असे आज तिला विचारले. म्हणाली, मला लिवता येतं.

शालनला आणण्यासाठी ती पुनावळ्यास दोनदा जाऊन आली. आबाजींनी दोन्ही वेळा चहा देऊन परत पाठवले. मास्तरांनी शब्द दिलाय, पाळणासुद्धा टांगला, म्हणाले. बाईमाणसाच्या सांगण्यावर शब्द फिरत नसतो, असेही म्हणाले. परवा मंगळवारी शालनला आठवा लागतो. नंतर ते पोरीला दाराबाहेर काढणार नाहीत. अंबूने मला जा असे सांगितलेले नाही. ती सांगणारही नाही.

आणली, तरी अंबू माझ्याशी पूर्वीसारखी बोलेल असे वाटत नाही. पूर्वीसारखी म्हणजे कशी, हेही आता नक्की सांगता येत नाही.

लोभ ठेवावासा वाटला तर ठेव.
अर्जुनदादा

(डायरीत, त्याच रात्री) उद्या : भल्या सकाळी बैलगाडी घेऊन पुनावळे, आबाजींकडून शब्द परत मागून शालनला आणायचे.