तीनशे दहा वॅट

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.

नवी वही, नवी बॅटरी, नवा मी.

काल अखेर छतावर सोलर पॅनेल्स चढली. आठच्या आठ धडधाकट. साडेसहा वर्षं गॅरेजमध्ये खोक्यांत पडून होती, पण पॅकिंग मी जातीने सांभाळलं होतं. फार उशीर केलास, असं काही लोक म्हणतात. मी त्याला नियोजन म्हणतो.

इलेक्ट्रिशियन माझाच जुना विद्यार्थी. नवा बोर्ड बसवून बाराच्या बारा ब्रेकर खटाखट वर केले आणि म्हणाला, आता सगळं घर चालू झालं, सर. वर्गात कच्चा होता, पण हात चांगला आहे.

२८ तारखेला सौरऊर्जा सहकारी संघाची इंजिनीअर ओकासिओ बाई तपासणीला येणार. सूर्य मावळल्यावर घर बॅटरीवर चालवायचं आणि सकाळी सहाला बॅटरीत ऐंशी टक्के शिल्लक दाखवायची. जमलं की 'आदर्श सौर घर' असं प्रमाणपत्र. आमच्या उतुआदो गावात अजून कोणाला मिळालेलं नाही. मला मिळणार. मग कार्डावर 'हेरिबेर्तो मालदोनादो, ऊर्जा सल्लागार, घरे व व्यवसाय' एवढं छापलंय, त्याला वजन येईल. बत्तीस वर्षं हायस्कूलात फिजिक्स शिकवलेल्या माणसाला ऐंशी टक्के म्हणजे काहीच नाही.

५ मार्च. सकाळी ६.

बॅटरी शून्य.

नवी आहे. रुळायला वेळ लागतो.

सगळे दिवे बंद, मी अंथरुणात, तरी घर चारशे वॅट खातंय. त्यात फ्रीजचे वगैरे नव्वद धरले. उरले तीनशे दहा. हे तीनशे दहा कोण खातं, ते आज संध्याकाळपर्यंत शोधून काढणार.

७ मार्च, गुरुवार.

शोध चालू. आतापर्यंत प्लग काढले: टीव्ही, राउटर, मायक्रोवेव्ह, दाराची बेल, वॉशिंग मशीन. शेवटी फ्रीजसुद्धा. फ्रीजरमध्ये मेहुणीने नाताळात दिलेले सोळा पास्तेलेस होते. केळीच्या पानातलं अन्न वाया घालवू नये म्हणून दोन दिवसांत संपवले. पोटाच्या कार्यक्षमतेबद्दल इथे लिहीत नाही.

मीटर: ३१०.

घरात एक घरघर ऐकू येते. दर काही सेकंदांनी मध्येच एक फुस्स. इन्व्हर्टर असणार. इन्व्हर्टर मागच्या अंगणात आहे आणि आवाज बोळातून येतो, हे खरं. पण आवाज भिंतींतून कसाही फिरतो. हे मी अकरावीला शिकवायचो.

९ मार्च, शनिवार.

मिग्दालिया आली. ही माझ्या बायकोची, नेरेइदाची, थोरली बहीण. मोठ्या वादळाच्या वर्षी नेरेइदा गेली, तेव्हापासून दर शनिवारी ही डबा घेऊन येते आणि माझ्या घराला नावं ठेवते. फ्रीज बंद पाहून म्हणाली, लोक वीज यावी म्हणून नवस बोलतात आणि हा आलेली वीज घालवतोय.

मग बोळात उभी राहिली. कान देऊन. घर श्वास घेतंय, म्हणाली.

मी समजावलं की दिवसा काँक्रीट तापतं, मग निवतं. ती म्हणाली, काँक्रीट गेली चाळीस वर्षं निवतंय, श्वास आत्ताच घ्यायला लागलंय. नेरेइदाच्या खोलीत बघितलंस का, असं विचारलं. मी म्हटलं, त्या खोलीत काही नाही. शिवाय दमट हवेने दार फुगलंय, उघडत नाही. तिने डबा माझ्या हातात ठेवला. डब्यात भात आणि गांदुलेस, म्हणजे तुरीचे दाणे होते. मीठ जास्त.

११ मार्च, सोमवार.

शास्त्रशुद्ध पद्धत. एकेक ब्रेकर पाडायचा आणि मीटर बघायचा. जुन्या बोर्डावर नेरेइदाच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, त्या काढून मी नव्यावर चिकटवल्यात. स्वयंपाकघर. मोरी. ओसरी. 'बेर्तोचा पसारा', म्हणजे माझी खोली.

एक ते अकरा पाडले. ३१०.

बाराव्यावर 'मी' एवढंच लिहिलंय. त्याचा काही संबंध नाही. बारापैकी अकरा म्हणजे ब्याण्णव टक्के काम झालं. कोणत्याही परीक्षेत याला उत्तम शेरा मिळतो.

निष्कर्ष: मीटर सदोष.

१४ मार्च, गुरुवार.

दुसरा मीटर आणला. ३१०. दोन्ही मीटर सदोष.

बेकरीवाल्याने बोलावून घेतलं. मागच्या आठवड्यात मी त्याला दुपारी दोन ते पाच काचेचा फ्रीज बंद ठेवायचा सल्ला दिला होता. वीज वाचली, हे तोही मान्य करतो. बारा केकांचं क्रीम खाली बसलं, हे मीही मान्य करतो. फार सभ्य माणूस. म्हणाला, सर, आधी तुमच्या घरचा आकडा दाखवा, मग माझ्या फ्रीजला हात लावा.

पहाटेची बॅटरी सतरा टक्के. शून्यावरून सतरा. प्रगती आहे.

१६ मार्च, शनिवार. दुपारी ३.

आवाजाचा अभ्यास करायला खुर्ची बोळात आणली. बंद दारासमोर, कारण तिथेच वारा लागतो. दहा मिनिटं बसणार होतो. तीन तास गेले.

निरीक्षण: फुस्स दर सहा सेकंदांनी. अगदी नियमित. माझाही श्वास त्याच्याशी जुळला. बऱ्याच दिवसांनी बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा मी नेरेइदाला बेकरीच्या केकांचं सांगत होतो. म्हणजे मनात.

मिग्दालियाने डबा ओसरीवरच ठेवला आणि निघून गेली. तिने मला पाहिलं असावं.

उद्यापासून खुर्ची पुन्हा ओसरीत.

१७ मार्च, रविवार.

खुर्ची अजून बोळातच. जड आहे.

१८ मार्च, सोमवार. सकाळी १०.

काल संध्याकाळी डोंगरावरची मोठी लाइन पडली. सगळी वस्ती अंधारात. आठवडाभर वीज येत नाही म्हणतात. उजेड फक्त माझ्याकडे. ओसरीतला दिवा मुद्दाम लावून ठेवला. जाहिरात म्हणून.

सकाळी कुंपणाशी एफ्राइन आला. पलीकडच्या घरातला, सत्तरीचा. खांद्यावर गुंडाळलेली नारिंगी वायर. आमच्याकडे वीज गेली की ज्याच्याकडे असेल त्याच्या घरातून वायर कुंपणावरून शेजारी जाते. कोणी मागत नाही, कोणी आभार मानत नाही. एफ्राइनचा जनरेटर बंद पडलाय आणि त्याच्या छोट्या फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे. चाळीस वॅट, म्हणाला. जास्त नाही.

मी त्याला पहाटेचे सतरा टक्के दाखवले. गळती सापडेपर्यंत जादा भार घेणं शास्त्राला धरून नाही, हेही सांगितलं. गुरुवारपर्यंत थांब, म्हणालो.

गुरुवार म्हटल्यावर त्याने वर पाहिलं. वायर परत खांद्यावर टाकून गेला.

मी त्याला फसवलं नाही. टक्के खरे आहेत.

१९ मार्च. दुपारी २.

त्या वर्षीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

वादळानंतर आठव्या दिवशी याच एफ्राइनने त्याच्या जनरेटरची वायर देऊ केली होती. नेरेइदाच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी. मी नको म्हणालो. जन्मभर वर्गात पेट्रोलच्या धुराविरुद्ध बोललो होतो आणि माझी पॅनेल्स गुरुवारी येणार होती. ऑक्सिजनचे सिलिंडर गुरुवारपर्यंत पुरतील, असं गणित मांडलं होतं. गणित बरोबर होतं. ती बुधवारी गेली. ती घाबरली की जास्त ऑक्सिजन ओढायची, हे गणितात नव्हतं.

पॅनेल्स तिच्या दफनानंतर नऊ दिवसांनी आली.

डॉक्टर म्हणाले, तसंही फार दिवस नव्हते. म्हणजे प्रश्न मिटला.

डोक्यातून गेलं नाही.

२० मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.

दुपारी मिग्दालिया कुंपणाच्या त्या बाजूने ओरडत आली. बर्फ कुठे मिळत नाही, इन्सुलिन दोन दिवस उकाड्यात, एफ्राइनची साखर चढलेली. मी जाऊन पाहिलं. झोपाळ्यात पडला होता. ओठ राखाडी. तो रंग मला माहीत आहे.

मिग्दालिया म्हणाली, "बेर्तो, माझ्या बहिणीची खोली तू उघडतोस, की मी कुऱ्हाड आणू?"

बोर्डापाशी आलो. बारावा ब्रेकर पाडला असता तर खोलीत न जाता काम झालं असतं. दफनाहून आल्यावर तसंच केलं होतं. बाहेरून ब्रेकर पाडला, दार ओढून घेतलं आणि साडेसहा वर्षं तो वर केला नाही. तो वर केला इलेक्ट्रिशियनने, तीन तारखेला. हे मला सतरा दिवस माहीत होतं. आता लिहितो आहे तर खरं लिहितो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दार फुगलेलं नव्हतं. एका बोटाने उघडलं.

मशीन चालू होतं. वीज गेली की आम्ही इथे बटणं चालूच ठेवतो, म्हणजे वीज आल्याचं कळतं. तेव्हा तिनेच ते चालू ठेवायला सांगितलं होतं. वीज आली की आधी माझं मशीन बोलेल, म्हणाली होती. सतरा दिवस ते बोलत होतं. नळी उशीवर होती. मी तिच्या टोकाशी हात धरला. हवा येत होती, गार, दर सहा सेकंदांनी.

तिथे किती वेळ बसलो माहीत नाही. रडलो. मिग्दालिया दारातच उभी होती, आत आली नाही. मी बटणाला हात लावला आणि काढला, असं तीन वेळा झालं. सोडवेना. मग म्हटलं, नेरे, एफ्राइनला पाहिजे आहे. आणि बटण बंद केलं.

मीटर: शून्य. मशीनचा प्लग होता तिथेच एफ्राइनची वायर लावली आणि खिडकीतून बाहेर दिली. मिग्दालियाने दवाखान्यातून नव्या इन्सुलिनची सोय केली. ते आता त्याच्या फ्रीजमध्ये आहे.

२३ मार्च, शनिवार.

एफ्राइन हिंडाफिरायला लागला. सकाळी खिडकीच्या बाहेर, वायरीपाशी येऊन उभा राहिला. मी आत खोली झाडत होतो. मी म्हणालो, तेव्हा तुझी वायर घ्यायला हवी होती. साडेसहा वर्षांत पहिल्यांदा म्हणालो.

त्याने वायर खिडकीच्या कडेला नीट सरकवली. मग म्हणाला, "तू नको म्हणालास तरी मी मंगळवारी वायर घेऊन इथे आलो होतो, शेजारी. याच खिडकीशी. तू गावात सिलिंडर शोधत होतास. ती म्हणाली, राहू दे. त्याची पॅनेल्स परवा येतायत. तुझी वायर घेतली तर त्याला वाटेल, माझा त्याच्यावर विश्वास नाही."

मी विचारलं, हे मला का नाही सांगितलंस. म्हणाला, तिने सांगू नको म्हटलं होतं. आणि तू छतावर पॅनेल्स चढवलीस की सांगायचं असं मी ठरवलं होतं. तू चढवेचनास.

माझा समज होता की तिने माझं गणित मानलं. तिने ते मानलं नव्हतं. तिने मला सांभाळलं.

आज काही संकल्प नाही.

२५ मार्च, सोमवार.

वीज आली. एफ्राइन वायर गुंडाळायला आला. मी म्हटलं, असू दे अजून चार दिवस. तो म्हणाला, कशाला, आता माझ्याकडे आहे की. गुंडाळून घेऊन गेला.

२८ मार्च, गुरुवार. सकाळी ११.

ओकासिओ बाई सहालाच हजर. फ्रीज चालू, राउटर चालू, बेलसुद्धा चालू. तरी बॅटरी चौऱ्याऐंशी टक्के. तिने दोनदा तपासलं. उतुआदोतलं पहिलं आदर्श सौर घर, असं म्हणून माझा हात हातात घेतला.

मग फॉर्मचा शेवटचा रकाना काढला. इतर घरांसाठी सूचना. वापर इतका कमी कसा केलात, सर, असं पेन सरसावून विचारलं.

मी पुष्कळ विचार केला. भाषण तयार होतं, चार पानांचं. म्हणालो, घरात मी एकटाच असतो.

तिने थोडा वेळ पेन तसंच धरलं. मग रकाना कोरा ठेवून खाली सही केली.

प्रमाणपत्र कुठल्या भिंतीवर लावायचं, ते उद्या ठरवतो.